पाचवीची पुस्तकं ब्रेलमध्ये आणि तीही जूनच्या आत, मदत हवी आहे

सुरंगी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय माझ्या पुतणीचा आहे पण तिच्या एकटीचा नाही म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) न करता इथेच लिहितेय.

ती जन्मापासून पूर्ण अंध आहे, गुहागर तालुक्यात आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते, येत्या जूनला पाचवीत जाईल. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, गणपतीत सगळ्या आरत्या तीच सांगते आणि मोठी माणसं तिच्या मागून म्हणतात. ब्रेल छान वाचते. तालुक्याच्या विशेष शिक्षिका येतात त्यांनी अगदी जीव लावून शिकवलं, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आठवड्याला एक फेरी झाली तरी खूप म्हणायचं, पावसात तर तेवढीही होत नाही.

अडलंय ते पुस्तकांपाशी. शाळा उघडते त्या दिवशी बाकी पोरांच्या हातात नवी पुस्तकं पडतात आणि हिचे हात रिकामे. यंदा मराठीचं ब्रेल पुस्तक आलं तेव्हा गणपती होऊन गेले होते, म्हणजे पहिली घटक चाचणीसुद्धा झालेली. गणिताचा पहिला खंड आला, पुढचे आलेच नाहीत. परिसर अभ्यास आलं पण नकाशा आहे त्या पानावर फक्त 'नकाशा पाहा' एवढंच उमटवलंय. दहा वर्षांच्या पोरीने काय पाहायचं त्यात? कोणाचं चुकलं ते शोधायला हा धागा नाही, मला पुढच्या वर्षी हे व्हायला नकोय एवढंच.

तर विचारायचं असं की आपण स्वतः पुस्तक ब्रेलमध्ये करून घेतलं तर कायद्याने चालतं का? दुसरं, पुस्तकाची पीडीएफ फोनवर लावली तर तो काहीतरी भलतंच बरळतो, ते का? नकाशे आणि आकृत्या घरी करता येतात का? आणि आमच्याकडच्या पावसात ब्रेलचा कागद मऊ पडून टिंबं बसतात त्यावर काही उपाय आहे का? जे माहीत असेल ते सांगा, थोडंसं माहीत असलं तरी सांगा.

मालवणी_मामा

सुरंगी बाय, बरा केलंस धागो काढलंस. माका ह्यातला काय कळणा नाय पण वाचतंय.

अॅड_आंजर्ले

कायद्याचं मी सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी स्पष्ट सवलत आली. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत कोणीही करू शकतो, संस्थाच पाहिजे असं नाही, लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट दोनच, एक म्हणजे त्यातून नफा कमवायचा नाही (झालेला खर्च घेता येतो), आणि दुसरं ती प्रत ज्यांना सरळ छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांच्यापुरतीच राहिली पाहिजे. म्हणजे टाईप केलेली फाईल इथे सगळ्यांसाठी उघडी टाकू नका, पण पुतणीला, तिच्या शाळेला, तिच्यासारख्या दुसऱ्या मुलाला बिनधास्त द्या.

याच विषयावर माराकेश करार आहे, २०१३ चा, तो मान्य करणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ साली. २०१६ मध्ये करार अमलात आला. त्यामुळे बाहेरच्या देशात कुणी सुलभ प्रत केली असेल तर तीही आणता येते.

आणि हे लक्षात ठेवा की पुस्तक मिळणं हा तिचा हक्क आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम १७, त्यात लक्षणीय अपंगत्व म्हणजे ४० टक्के किंवा जास्त असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि लागणारी साधनं फुकट द्यायची असं लिहिलंय. कलम ३१ प्रमाणे जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत हे निवडायचा हक्कही तिचाच. तेव्हा घरी तयारी करा पण लेखी मागणी सोडू नका, दोन्ही चालू ठेवा.

निवृत्त_मास्तर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी दापोली तालुक्यात मुख्याध्यापक होतो म्हणून कागदाच्या बाजूने सांगतो. युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, तिची नोंद अंध प्रवर्गात बरोबर लागली आहे का ते आत्ताच्या आत्ता मुख्याध्यापकांना बघायला सांगा. पुस्तकांची मागणी त्या नोंदीवरून वर जाते आणि ती जूनमध्ये जात नाही, आधीच्या वर्षातच जाते. बऱ्याच ठिकाणी पोराची नोंद नुसती दिव्यांग म्हणून झालेली असते किंवा 'अल्पदृष्टी'च्या रकान्यात पडलेली असते, मग ब्रेलऐवजी मोठ्या टायपाची पुस्तकं येतात आणि ती कपाटात पडून राहतात. दुसरं, दिव्यांगत्वाचं ऑनलाईन कार्ड काढलं नसेल तर सुट्टीत जिल्हा रुग्णालयात जाऊन काढून घ्या.

मागणीपत्रात 'पाचवीचा ब्रेल संच' एवढंच लिहू नका. विषयवार लिहा, भागवार लिहा, आणि 'सर्व खंड' हे शब्द टाका. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, पोच घ्यायची, एक प्रत गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षण बघणाऱ्या माणसाकडे. पोच असलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं.

दर्यावर्दी

कदाचित माझा प्रश्न चुकीचा वाटेल पण मनापासून विचारतोय. आता फोन सगळं वाचून दाखवतो, ऑडिओ बुक आहेत, मग एवढे जाडजूड ब्रेलचे खंड छापायचे, गुहागरपर्यंत आणायचे, पावसात जपायचे हा खटाटोप कशाला? एक चांगला फोन आणि इअरफोन दिला की काम नाही होणार का?

सहाटिंब

दर्यावर्दी, प्रश्न चुकीचा नाही, खूप जण विचारतात, पण उत्तर 'नाही होणार' असंच आहे. मी स्वतः पूर्ण अंध आहे, रत्नागिरीत बँकेत नोकरी करते, हा प्रतिसाद स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावूनच टाईप करतेय, त्यामुळे फोनच्या विरोधात मी असायचं कारणच नाही.

पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नुसतं ऐकवलंत तर त्याला भाषा ऐकू येते, दिसत नाही. तुम्ही डोळ्यांनी वाचता तेव्हा न शिकवता तुम्हाला कळत जातं की 'पाणी'ला दीर्घ आहे, 'आणि'ला ऱ्हस्व आहे, स्वल्पविराम कुठे आलाय, नवा परिच्छेद कुठे सुरू झाला, संवाद कुठे आहे. ऐकताना दोन्ही 'णी' सारखेच. माझ्याबरोबरची कितीतरी हुशार मुलं कॅसेटवर शिकली, बोलायला लागली की ऐकत राहावं, आणि अर्ज लिहायची वेळ आली की प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका, त्यावरून माणसं त्यांना अडाणी समजली. ते अडाणी नव्हते, त्यांना कुणी अक्षरच हातात दिलं नव्हतं.

आणि गणित? उभी बेरीज, भागाकार, अपूर्णांक हे ऐकून करून बघा एकदा. ओळीत मागे जाऊन बोट ठेवता आलं पाहिजे. मी टेलर फ्रेमवर शिकले, ती एक धातूची पाटी असते, तिला अष्टकोनी भोकं असतात आणि त्यात खिळ्यासारखे टाईप बसवायचे, कुठल्या दिशेला फिरवून बसवलात त्यावरून आकडा ठरतो. बेरीज पाटीवर उभीच्या उभी मांडायची आणि हातचा वर ठेवायचा, अगदी तुमच्या वहीत ठेवतात तसाच. पुतणीकडे ही पाटी आणि टाईप आहेत ना? नसतील तर पुस्तकाआधी ते मागा.

ऑडिओला जागा आहे, मोठी आहे. गोष्टी, अवांतर वाचन, वरच्या वर्गातला इतिहास, परीक्षेच्या आधीची उजळणी, यासाठी ऑडिओ उत्तम. पण मराठी, इंग्रजी आणि गणित, आठवीपर्यंत तरी, बोटाखालीच पाहिजे. ह्या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

दर्यावर्दी

पटलं. शुद्धलेखनाचा विचार कधी डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद ताई. ऑडिओपुरतं काही करता आलं तर मी वाचायला तयार आहे, आवाज बरा आहे माझा, गावच्या नाटकात सूत्रधार असतो दरवर्षी.

युनिकोडवाला

पीडीएफ का बरळते ते सांगतो. मी कुडाळला डीटीपीच करतो, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं तयार करतो, रोजचं काम आहे.

तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतं पण आत मराठी असतंच असं नाही. जुने डीटीपीचे फॉन्ट आहेत त्यात इंग्रजी कीबोर्डच्या अक्षरावर नुसतं मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. छापायला त्याने काही बिघडत नाही, पण फोन आतली अक्षरं वाचतो, चित्र वाचत नाही, म्हणून तो जे काय बोलतो ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांची खिचडी असते. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधली एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा, स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पेस्ट करून बघा. मराठी उमटलं तर फाईल युनिकोड आहे, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं आहेत, कचरा उमटला तर जुना फॉन्ट आहे, आणि सिलेक्टच होत नसेल तर ते नुसते पानांचे फोटो आहेत.

जुना फॉन्ट असेल तर कन्व्हर्टर मिळतात, फॉन्ट ओळखून युनिकोड करून देतात, रफार आणि जोडाक्षरं हाताने नीट करावी लागतात. फोटो असतील तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर. गूगल ड्राईव्हमध्ये टाकून डॉक्समध्ये उघडलं की मराठी ओळखतं, टेसेरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे तेही मराठी ओळखतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका, घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची अदलाबदल हमखास होते, आणि दोन रकान्यांचं पान असेल तर ओळी एकमेकांत शिरतात. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने फाईलवर नजर ठेवायची, दुसरा मार्ग नाही.

आता माझं मत. तुम्ही ब्रेल, ऑडिओ, मोठा टाईप असे तीन वेगवेगळे खटाटोप समजू नका. शुद्ध युनिकोडमधली एक फाईल नीट तयार करा, सगळं त्यातूनच निघतं. लिबलुई नावाची फुकट व्यवस्था आहे ती त्याच फाईलचं मराठी ब्रेल करते, तीच फाईल संगणकावरचं एनव्हीडीए किंवा फोनवरचं टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वाचतात, तिचाच टाईप वाढवला की कमी दिसणाऱ्या मुलाचं पुस्तक. आणि पुढच्या वर्षी दुसरं मूल आलं की परत पहिल्यापासून सुरुवात नाही. मेहनत एकदाच, पण ती पूर्ण करायची.

सहाटिंब

युनिकोडवाला, अगदी बरोबर. त्यात माझी भर:

छापील पुस्तकाचा पान नंबर फाईलमध्ये टाकाच, नवीन पान सुरू होईल तिथे वेगळ्या ओळीत 'पान १४' असं. बाई वर्गात 'पान चौदा उघडा' म्हणतात तेव्हा तिला तिथे पोचता आलं पाहिजे. धड्याच्या नावाला हेडिंगची स्टाईल द्या, नुसतं ठळक करून अक्षर मोठं करू नका, स्क्रीन रीडर हेडिंगवरून उड्या मारत जातो, ठळक अक्षराचा त्याला उपयोग नाही. तक्ता असेल तर चित्र चिकटवू नका, खरा तक्ता करा.

ब्रेल करून झाल्यावर छापायच्या आधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाने दोन-चार पानं तपासलीच पाहिजेत. आपलं भारती ब्रेल १९५१ पासूनचं, सहाच टिंबांत सगळी भाषा बसवलेली, जोडाक्षर आलं की अर्ध्या अक्षराच्या आधी चार नंबरचं टिंब येतं, आणि फाईलमध्ये हलन्त चुकला असेल तर ब्रेलमध्ये शब्दाचा पार विचका होतो. मराठीची आणि परिसर अभ्यासची फाईल मला पाठवा, मी ब्रेल डिस्प्लेवर (फाईल बोटाखाली ब्रेल टिंबांत दाखवणारं यंत्र) वाचून चुका काढून देईन.

केवडा

इथेच विचारते, वेगळा धागा नको. माझ्या मुलाला थोडं दिसतं, देवगडला सातवीत आहे. आम्ही पुस्तकाची पानं ए थ्रीवर मोठी करून झेरॉक्स काढतो पण तो वाचायला कंटाळतो, डोळ्यांतून पाणी येतं. चष्म्याने जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालंय.

युनिकोडवाला

ए थ्रीच्या झेरॉक्सने अक्षर थोडंच वाढतं आणि पान मात्र एवढं वाढतं की पोराला मान फिरवत बसावं लागतं. शिवाय रंगीत पानावर अक्षरामागे जी पानंफुलं छापलेली असतात ती झेरॉक्समध्ये करडी होऊन अक्षरात मिसळतात. परत टाईप केलेली फाईल घ्या, १८ पॉइंटपासून सुरू करा, २०, २४ असं वाढवत त्यालाच विचारा कुठलं बरं वाटतं. साधा सरळ फॉन्ट, ओळीत दीडपट अंतर, मागे काही चित्र नाही. कागद चकचकीत नको, चमकतो, फिक्कट पिवळसर मॅट कागद बघा. आणि ए फोरच ठेवा.

निवृत्त_मास्तर

केवडाताई, वर्गात तो कुठे बसतो तेही बघा. आपल्याकडच्या कौलारू शाळेत जुलैत दुपारी एक वाजतासुद्धा अंधार असतो. आमच्या शाळेत एका मुलासाठी त्याच्या बाकावर काचेची दोन कौलं घातली होती, पालकांनीच चढून घातली, आणि पोरगं फळ्यावरचं नाही तरी वहीतलं वाचायला लागलं. पुस्तक टेबलावर सपाट ठेवून त्याला वाकायला लावू नका, तिरका स्टँड सुतार सहज करून देतो, अगदी पोथीच्या व्यासपीठासारखा. उजेड पाठीमागून किंवा बाजूने यावा, तोंडावर नको.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो हे पालकांना माहीत नसतं, तेही बोलून ठेवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा असं आहे. लेखनिक दहावीला शोधायला जाऊ नका, आत्तापासून सराव करा. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे.

चित्रकला_सर

नकाशावर मी लिहितो. वेंगुर्ल्याला चित्रकला शिकवायचो, एका अंध विद्यार्थ्यासाठी सुरुवात केली आणि मग करतच राहिलो.

सगळ्यात आधी हे की छापील नकाशा जसाच्या तसा उठवायचा नाही. डोळा एका दृष्टीत सगळं बघतो, बोट एका वेळी बोटाएवढंच बघतं. त्यामुळे एका नकाशात एकच गोष्ट. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा घेतला तर जिल्हे नकोत, शहरं नकोत. दोन्ही पंजे पसरून मावेल एवढाच आकार घ्या, त्याहून मोठा झाला की मूल हरवतं.

जाड पुठ्ठा घ्यायचा, वरचा उजवा कोपरा कापून टाकायचा म्हणजे नकाशा उलटा धरला तर लगेच कळतं. राज्याची हद्द सुतळीने. समुद्राला बारीक पॉलिश पेपर, दुसरं कुठेही तो वापरायचा नाही, म्हणजे खरखरीत लागलं की समुद्र. सह्याद्रीला मी काथ्या वापरतो, आपल्याकडे घराघरात मिळतो, पिळून जाडसर वळ करायचा आणि उत्तर-दक्षिण चिकटवायचा. मग नद्या. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, काजळी या पातळ गुळगुळीत नायलॉनच्या दोऱ्याने, काथ्यापासून निघून पॉलिश पेपरपर्यंत, आणि त्याच काथ्याच्या दुसऱ्या बाजूने गोदावरी, कृष्णा लांबच लांब पूर्वेला. मूल एक बोट काथ्यावर ठेवून दुसरं बोट एकदा डावीकडे नेतं, एकदा उजवीकडे नेतं, आणि कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान का हे त्याला पाठ करावं लागत नाही. डोळस मुलांनासुद्धा मी हाच नकाशा द्यायचो, त्यांनाही जास्त कळायचं.

दोन दोऱ्यांत बोटाला फट कळेल एवढं अंतर ठेवाच, नाहीतर नदी आणि हद्द एक होऊन जाते. नावं नकाशावर पूर्ण लिहायला जागा नसते, ब्रेलची एक-दोन अक्षरं चिकटवायची आणि खुलासा वेगळ्या कागदावर द्यायचा. फेविकॉल जास्त झालं की सुकल्यावर त्याचे गुठळे बोटाला लागतात आणि मूल विचारतं हे कुठलं गाव, तेव्हा कडा पुसून घ्या. झाल्यावर स्वतः डोळे मिटून एकदा हात फिरवा आणि मग अंध व्यक्तीकडून तपासून घ्या, डोळे मिटलेल्या डोळस माणसाचा हात पुरेसा नाही.

गणितातल्या कोनाला काडेपेटीच्या काड्या चालतात. पाचवीला त्रिमितीय वस्तूंच्या घडणी आहेत, त्याला आकृती कशाला पाहिजे, खरा खोका उलगडून हातात द्या.

सुरंगी

सर, हे वाचून माझे दीर काथ्या पिळायला बसलेसुद्धा! तुमच्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्यात. वाचनखूण साठवली आहे.

मालवणी_मामा

सुरंगी बाय, माका युनिकोड टायपिंग येता. मराठीचे धडे माझ्याकडे दी. दुपारच्या वक्ताक दुकानात गिऱ्हाईक नसता, बसान लिवतलंय. पण चित्र इला तर थय काय लिवचा?

सहाटिंब

मामा, चित्र आलं की आधी 'चित्र' असं लिहा आणि दोन-तीन वाक्यांत त्यात काय आहे ते सांगा, मोठं आधी, बारीक नंतर. 'सुंदर चित्र' वगैरे नको, ते तिचं तिला ठरवू दे. 'एक मुलगी विहिरीच्या काठावर उभी, हातात कळशी, मागे माड' एवढं पुरे. चित्राखाली जर प्रश्न असेल, म्हणजे 'चित्रात कोण काय करतंय ते सांगा', तर उत्तर देऊन टाकू नका, फक्त उत्तर काढता येईल एवढी माहिती द्या. आणि चित्र नुसतं शोभेचं असेल, कोपऱ्यातलं फुलपाखरू वगैरे, तर सोडून द्या, तिचा वेळ घालवू नका.

भरतीओहोटी

ब्रेल आणि पावसावर. माझी आई अंध होती, घरात ब्रेलची पुस्तकं होती, आम्ही राजापूरचे, त्यामुळे दमट हवेचं दुखणं चांगलं माहीत आहे.

खंड एकावर एक आडवे रचू नका, खालच्याची टिंबं वजनाने बसतात. उभे ठेवा, सैल, एकमेकांना घट्ट दाबू नका. कपाटात आपण कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून बारका बल्ब लावतो ना, तसाच लावायचा, मात्र कागदापासून लांब. भिंतीला टेकलेलं कपाट नको, चार बोटं पुढे ओढून घ्या. शाळेत नेताना संपूर्ण खंड नेऊ नका, स्पायरल बाइंडिंग करून धड्याधड्याचे छोटे भाग करा, प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून दप्तरात. ब्रेलच्या एका ओळीत साधारण ३० ते ४० खणं (एकेका ब्रेल अक्षराच्या जागा) बसतात, त्यामुळे छापील एका पानाची दोन-तीन पानं सहज होतात, आणि अख्खा खंड पोरीने पाऊलवाटेवरून छत्री धरून न्यायचा म्हणजे फार होतं. जी पानं रोज लागतात, पाढे, सूत्रं, बाराखडी, ती प्लास्टिक शीटवर उठवून घ्या, ती भिजली तरी पुसता येतात.

आणि पोस्टाचं सांगते, खूप जणांना माहीत नसतं. अंधांसाठीच्या वाचनसाहित्याचं पाकीट म्हणून ७ किलोपर्यंतचं पार्सल साध्या मार्गाने पोस्ट फुकट नेतं. पाकीट उघडून बघता येईल असं बांधायचं आणि वर 'अंधांसाठी साहित्य' असं ठळक लिहायचं. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसलं तर पोस्टमास्तरांना विचारा. आईची पुस्तकं अशीच यायची मुंबईहून.

सुरंगी

पोस्टाचं मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही एसटीच्या पार्सलने मागवायचा विचार करत होतो. ब्रेल उठवून कुठे घ्यायचं ते राहिलं, मशीन तर लाखांच्या घरात आहे म्हणतात.

सहाटिंब

मशीन घेऊ नका, गरज नाही. ज्या अंध शाळांमध्ये आणि संस्थांमध्ये ब्रेल एम्बॉसर (कागदावर टिंबं उठवणारं मशीन) आहे तिथे फाईल दिली तर कागदाच्या खर्चात उठवून देतात, आधी फोन करून विचारायचं. मुंबईत नॅब आहे, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासूनची संस्था, ब्रेल छपाई हे त्यांचं जुनं काम. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे, तिथल्या शिक्षकांशी बोला, पुस्तक तिथे उठवून मिळो न मिळो, अंध मुलांना रोज शिकवणारी माणसं भेटतील आणि पुतणीला तिच्यासारखी मुलं भेटतील, ह्याची किंमत मोठी आहे.

शिवाय सुगम्य पुस्तकालय बघा. २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाईन ग्रंथालय आहे, छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीच, मराठी पुस्तकंही आहेत. नोंदणी करताना दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तुम्ही टाईप करायच्या आधी ते पुस्तक तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे आधीच तयार आहे का ते विचारून घ्या, म्हणजे दुप्पट काम नको.

दर्यावर्दी, तुमच्या आवाजाचं काम पण आहे. गोष्टींची पुस्तकं वाचा. ओबी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्ड केलं की डेझी पुस्तक तयार होतं, म्हणजे ऐकणाऱ्याला पाहिजे त्या प्रकरणावर, पाहिजे त्या पानावर जाता येतं. नुसती दोन तासांची एक लांबच लांब ऑडिओ फाईल करू नका, तिच्यात काही सापडत नाही. पंखा बंद, आणि कौलावर पाऊस वाजत नसताना.

दर्यावर्दी

नोंद केली. पहाटे चारला उठून करतो, त्या वेळी काही वाजत नाही.

गणितवेडी

गणिताची फाईल मला द्या. चिपळूणला शिकवणी घेते. अपूर्णांक कसे टाईप करायचे, एकाखाली एक?

सहाटिंब

एकाखाली एक नको, आडवे, ३/४ असे. पूर्णांकयुक्त असेल तर '२ पूर्णांक ३/४'. उभी मांडणी असलेली उदाहरणं वेगळी काढून त्यांना खूण करा, गणिताला ब्रेलमध्ये नेमेथ ही वेगळी चिन्हपद्धत आहे, तेवढा भाग विशेष शिक्षिकांकडून हाताने उठवून घेऊ. गणित आपोआप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडायचं नाही.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं घरी वाचून दाखवलं. पुतणी म्हणाली आधी गणित करा, मराठी मी ऐकून चालवून घेईन, त्यावर सहाटिंब ताईंचा प्रतिसाद तिला परत वाचून दाखवला!

आत्तापर्यंत ठरलंय ते असं. मराठी मालवणी_मामा, गणित गणितवेडी, परिसर अभ्यास भाग १ निवृत्त_मास्तर (व्यनि आला त्यांचा), भाग २ मी. फॉन्ट बदलणं, हेडिंग आणि पान नंबर युनिकोडवाला बघणार, ब्रेलची तपासणी सहाटिंब ताई. नकाशे इथे आम्ही करतो आणि चित्रकला_सरांना फोटो पाठवतो, केवडा तुमच्या मुलाच्या सातवीच्या फाईली पाचवी झाल्यावर लगेच हातात घेऊ. फाईल फक्त ईमेलने, इथे नाही, अॅडव्होकेट ताईंनी सांगितलंय तसं. मराठी आणि गणिताचे पहिले चार-चार धडे एप्रिलअखेर तयार झाले की मे महिन्यात उठवून घेता येतील, बाकीचे मग मागून. युडायसची नोंद सोमवारी शाळेत जाऊन बघते, अर्जाची पोच आली की इथे टाकते.

हिंदी आणि इंग्रजी अजून मोकळे आहेत. कोण घेतंय?

केवडा

हिंदी मी घेते.

अॅड_आंजर्ले

इंग्रजी माझ्याकडे द्या. ब्रेलमध्ये इंग्रजी पूर्ण शब्दांचं करायचं की संक्षिप्त (शब्दांऐवजी छोट्या खुणा), ते विशेष शिक्षिकांना विचारून कळवा, ती आत्ता कुठलं वाचते त्याप्रमाणे उठवून घेऊ.